लाभ

फोनच्या खालच्या भोकात हळद बसलीय.
टाचणीनं उकरली तरी थोडी आत राहतेच,
आणि माईक म्हणे तिथंच असतो.
गणपती पेठेतल्या टपरीत यासीननं
डोळ्याला भिंग लावून बघितलं, म्हणाला,
गाणं करायचंय तर आधी याचं नाक साफ कर, शालन.

मग त्यानंच एक ॲप टाकून दिलं.
सगळं तयार त्यात. बोट ठेवलं की गिटार,
बोट ठेवलं की कुठल्या तरी समुद्राची लाट.
दोन दिवस मी नुसती बोटं ठेवत बसले.
गाणं झालं. ऐकलं.
ते कुणाचंही असू शकलं असतं.
चाळीस देशांचे ढोल होते आत,
हलगी नव्हती.

दुसऱ्याला भारी हौस आवाज सरळ करायची.
मी ओळीच्या शेवटी जराशी घसरते,
आमच्या कवठेएकंदला सगळेच घसरतात,
त्यानं एकेक घसरण उचलून पायरीवर बसवली.
कडक इस्त्री करून माझा आवाज
परक्याच्या लग्नाला निघाला.
ते बटण बंद करायला महिन्याला एकशे एकोणपन्नास.
बिघडवणार फुकट,
सोडून द्यायचे पैसे.

रात्री गाते, गोधडी डोक्यावरून घेऊन,
म्हणजे खोली घुमत नाही.
आई विचारते, कण्हतीस का गं?
आणि ब्लूटूथमधून माझा आवाज
माझ्या मागून येतो,
विट्याची शेवटची एस्टी धरून आल्यासारखा,
धापा टाकत, तोवर ओळ पुढं गेलेली.
वायरचा हेडफोन घे, यासीन म्हणाला.
एकशे वीस रुपये.
ते दिले.

मग फोनच म्हणाला, जागा शिल्लक नाही.
मावसभावाच्या हळदीचे व्हिडिओ पुसले,
गुड मॉर्निंगची तीनशे फुलं पुसली.
पुराच्या वर्षीचे फोटो आले अंगठ्याखाली,
वखारीत छातीएवढं पाणी, पिवळं,
आणि अण्णा काट्याला धरून उभे.
अंगठा काढून घेतला.
उरलेल्या जागेत बसेल असं ॲप शोधलं.
एकोणीस एमबी. दिसायला मळकट.
चारच पट्ट्या, पण बोटानं मागंपुढं सरकतात.
हेच घेतलं. निवडलं असं नाही म्हणता यायचं.

त्यात गाण्याआधी टक टक टक टक वाजतं.
चार मोजून घ्या, मग गा.
अण्णा मार्केट यार्डात तोलाईला आहेत,
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत.
लाभ, म्हणतात. मग दोन. मग तीन.
तेच हवं होतं मला, गाण्याच्या तोंडाला.

फोन धरला तर ते साहेबासारखे बोलले,
शर्टाचं वरचं बटणही लावलं.
फोन पोत्यावर उपडा ठेवला, चहाला गेले,
तेव्हा कुठं खरं मोजणं आलं.
घरी ऐकलं: आकडा खुपसल्याची करकर,
अनवाणी पाय, कुणाचं तरी खाकरणं,
दूर दिवाणजी कुणावर तरी डाफरतोय.
आवाज स्वच्छ करू? ॲपनं विचारलं.
कर म्हटलं, बघू.
सगळे निघून गेले.
रिकाम्या वखारीत अण्णा एकटेच मोजत होते,
काहीच नसलेलं.
झटक्यानं मागं घेतलं.
हमाल परत आले, खाकरत.

एक अडचण राहिली.
अण्णा सातनंतर थांबतात,
पोतं पाठीवरून उतरेपर्यंत.
कधी लवकर, कधी रामू हमाल वयस्कर म्हणून उशिरा.
टकटक त्यांच्यासाठी थांबेना.
टकटक बंद केली.
आता माझं कडवं रामूच्या पाठीवर चालतं,
तो वाकला की मी श्वास घेते.

अजून दोन पट्ट्या रिकाम्या आहेत.
यासीनचा मेहुणा हलगी वाजवतो, येतो म्हणालाय,
म्हणालाय गेल्या बुधवारी.
सेव्ह करताना नाव आपोआप आलं,
नवीन प्रोजेक्ट एक.
एक खोडलं.
लाभ लिहिलं.